डोहाळ्याच्या चिंचा आणि माझ्या रक्तातलं शिसं

डॉक्टर मॅडमनी हातमोज्यातल्या अंगठ्यानं माझा खालचा ओठ ओढला, टॉर्च मारली आणि हिरडीकडे इतका वेळ बघत राहिल्या, की मला वाटलं तिथे काहीतरी लिहिलेलंच आहे.

"काका, ही निळसर रेघ कधीपासून आहे?"

ओठ त्यांच्या ताब्यात असल्यामुळे मला खोटं बोलता आलं नाही. नुसतं घशातून 'अं' केलं.

"काम काय करता?"

ओठ सुटला. "जमिनीचे व्यवहार बघतो," मी म्हणालो. पिंपरी-चिंचवडात हे वाक्य टाकलं की समोरचा माणूस खुर्ची पुढे करतो.

मॅडमनी केली नाही. "बघता म्हणजे नक्की काय करता?"

"जमीन उकरतो. म्हणजे माणसांकडून उकरून घेतो आणि ट्रकमध्ये भरतो. बंद पडलेल्या कंपनीची."

"कसली कंपनी?"

"बॅटरीची."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "लेड पॉयझनिंग," त्या म्हणाल्या. "लेड म्हणजे शिसं. शिशाची विषबाधा. तुमचं रक्त काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, त्याला पेरिफेरल स्मिअर म्हणतात. तांबड्या पेशींवर निळे ठिपके दिसले, म्हणून मी हिरडी बघितली. आता ब्लड लेड लेव्हल पाठवते, रक्तात शिसं नेमकं किती आहे ते कळेल. पण मला फारशी शंका राहिलेली नाही."

खरं सांगतो, मला आधी अभिमान वाटला. शुगर काय, बीपी काय, गल्लीत कुणालाही होतं. शिसं कुणाला झालंय? मॅडमनी शिकाऊ डॉक्टरांना हाक मारली. "ही लेड लाइन. पुस्तकात बघितली असेल, आता माणसात बघा." पोरं-पोरी रांगेनं आली. मी प्रत्येकासाठी स्वतःच ओठ खाली धरला, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. लग्नातल्या नवरदेवानंसुद्धा इतक्या उत्साहानं फोटो काढून घेतले नसतील.

तेवढ्यात मॅडमनी विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"मी, बायको. आणि लेक आलीय बाळंतपणाला. पहिलंच आहे. सातवा चालू आहे."

पोरांमधली एक मुलगी काहीतरी लिहीत होती, ती थांबली.

"काका, कामाचे कपडे बदलता कुठे?"

मी अजून ओठ धरूनच उभा होतो.

"घरी," मी म्हणालो.

"तिला घेऊन या. उद्या-परवा नाही, आज."

हे लिहितोय ते तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली तर उपयोग व्हावा म्हणून. माझं नाव दिलीप. आमच्या वस्तीत मला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि माझ्यावर विश्वास ठेवतो असाही नाही. मला वाढवून सांगायची खोड आहे. रस्त्यात मांजर आडवं गेलं तर घरी येईस्तोवर त्याचा बिबट्या होतो. म्हणून या लिखाणात मी रिपोर्टचा एकही आकडा देणार नाही. दिला तर तुम्ही निम्मा कराल आणि मी त्याची भरपाई म्हणून आधीच दुप्पट करीन. डॉक्टर जे म्हणाले ते आणि आम्ही जे केलं ते, एवढंच सांगतो.

सुरुवात पोटातून झाली. बेंबीच्या आसपास पिळा पडायचा आणि सुटायचा. त्याला कॉलिक म्हणतात, राहून राहून येणारी कळ. शौचाला साफ होईना. तोंडात सतत जुनं नाणं चघळल्यासारखी चव. जिना चढताना दम लागे. मी आयुष्यात कधी चिडत नाही, पण त्या दिवसांत शालनवर, म्हणजे माझ्या बायकोवर, मीठ कमी पडलं म्हणून ओरडलो. तिनं मीठ बरोबरच घातलं होतं.

पहिला डॉक्टर आमच्या कोपऱ्यावरचा. त्याला मी सांगितलं, पोटात रेल्वेचं इंजिन शंटिंग करतंय. काम काय? एसी ऑफिसात बसून असतो. त्यानं ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या आणि चालायला जा म्हणाला.

दुसरा मोठा, सर्जन. त्याला सांगितलं, मी कन्सल्टंट आहे, जेवणात रोज अख्खी कोंबडी असते. प्रत्यक्षात रविवारी शालन जे वाढते तेवढंच मी खातो. त्यानं सोनोग्राफी केली, मग एंडोस्कोपी. एंडोस्कोपी म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी पोटात सोडतात. वाचणाऱ्यांनी घाबरू नये, नळी बारीक असते. मी चहाच्या टपरीवर ती बागेतल्या पाइपाएवढी सांगितली होती, त्याबद्दल माफी. आत काही सापडलं नाही. सर्जन म्हणाला, "कळ राहिली तर अपेंडिक्सचा विचार करू." माझं धडधाकट अपेंडिक्स माझ्याच थापांपायी जाता जाता राहिलं.

या दोघांपैकी एकाही डॉक्टरला मी 'मातीत काम करतो' असं म्हणालो नाही. माझे वडील कंपनीत मशीनवर होते, मी सुपरवायझर झालो, कंपनी गेली, आणि पन्नाशीनंतर मी मातीत उतरलो. हे तोंडातून निघत नव्हतं. डॉक्टर आपल्याला मुलगी देणार नसतो, तरी आपण त्याच्यासमोर स्थळासारखं बसतो. मॅडमच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत यात माझे आठवड्यांमागून आठवडे गेले. तेवढे दिवस मी रोज घरी गेलो.

आता ती जागा.

आमच्या वस्तीच्या मागे, भिंतीपलीकडे, ही बॅटरीची कंपनी होती. वडिलांच्या काळी तिच्या भोंग्यावर अख्खी वस्ती जेवायला बसायची. मग बंद पडली. पत्रे गंजले, शेडमध्ये झुडपं उगवली. आमच्याकडे बंद कंपनी म्हणजे उद्याचा टॉवर. तसंच झालं. जागा एका बिल्डरनं घेतली. मागे इमारती, पुढे वस्तीसाठी बाग असा नकाशा गेटवर लागला. बागेत कारंजं दाखवलं होतं, त्यामुळे बायका खूश.

पण त्या मातीत शिसं मुरलेलं. बॅटरीच्या प्लेटा शिशाच्या असतात, जुन्या प्लेटा वितळवायची भट्टीही आतच होती. म्हणून आधी सफाई. वरचा थर पाणी मारत मारत खरवडायचा, ट्रकवर ताडपत्री बांधायची आणि घातक कचऱ्याच्या डेपोला पाठवायचा. त्या कामावर मी मुकादम. टपरीवर मात्र साइट इन्चार्ज.

नियम चोख होते, हे मला सांगितलंच पाहिजे. नारिंगी सूट, तोंडावर फिल्टरचा मास्क, आणि गेटजवळ अंघोळीचा डबा. डबा म्हणजे तीन खोल्यांचा कंटेनर. पहिल्या खोलीत कामाचे कपडे उतरवायचे, दुसरीत डोक्यावरून अंघोळ, तिसरीत घरचे कपडे. मधून गेल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. नवीन आलेल्या प्रत्येक माणसाला हे मीच शिकवायचो. फार छान शिकवायचो.

आणि स्वतः मागच्या छोट्या गेटनं निघायचो. त्याची किल्ली माझ्याकडे होती.

कारण मागच्या गेटबाहेर संतोषची चहाची टपरी, आणि शिफ्ट सुटली की तिथे माणसं माझी वाट बघत थांबायची. "या भाऊ, आज काय निघालं आत?" मी सांगायचो. भट्टीत वेटोळं घालून बसलेला अजगर सांगितला. ॲसिडच्या टाकीत पडून हाडाचा सांगाडा झालेला, तरी रोज हजेरी लावणारा फोरमन सांगितला. भट्टीखालून थेट देहूरोडपर्यंत जाणारं भुयार सांगितलं, तेही मध्ये लष्करी पहाऱ्यासकट. आता तुम्हीच सांगा, अंघोळ करून, भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून सांगितलेल्या अजगरावर कोण विश्वास ठेवील? सूट हवा. सुटावर राखाडी धूळ हवी. मी गोष्ट रंगात आली की मांडीवर थाप मारायचो, धूळ उडायची, आणि लोक एक पाऊल मागे सरकायचे. काय मजा वाटायची!

मग त्याच सुटात घरी. बैठकीत पसरायचं, पाय वर.

प्रज्ञा, आमची एकुलती एक, डोहाळजेवण झाल्यावर कुरुळीहून माहेरी आली होती. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, सुट्टी घेऊन आली. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. सासरच्यांनी लेक आपल्या हवाली करायची आणि आपण एकीची दोघं करून परत पाठवायची. शालननं डिंक-खोबरं आणून ठेवलं. मी काय आणलं ते सांगतो.

प्रज्ञाला डोहाळे लागले चिंचेचे. "आप्पा, गाभुळलेल्या चिंचा हव्यात," ती म्हणाली. बाजारात हातगाडीवर मिळत होत्या. पण हातगाडीवरच्या चिंचेला गोष्ट नसते. कंपनीच्या आवारात, भट्टीच्या शेडला लगटून, एक चिंचेचं झाड होतं. त्या झाडाच्या चिंचा मी खिशात भरभरून आणल्या. हिरव्या, गाभुळलेल्या, सगळ्या. आणि दर खेपेला नवी हकिगत. "आज फांदीवर घोणस होती बघ, मी म्हटलं, बाई, माझी लेक वाट बघतीय, जरा सरक. सरकली!" प्रज्ञा तिखट-मीठ लावून, सालासकट दातांनी सोलून खायची आणि हसायची. पोटावर हात ठेवून म्हणायची, "ऐकतोयस ना रे, तुझा आजोबा सापांशी बोलतो."

ते हसणं मला आजही ऐकू येतं. घोणस नव्हती. शिडी लावली होती.

त्या दिवशी हॉस्पिटलात मी हे सगळं मॅडमना सांगितलं. चिंचांचंही. सांगताना आयुष्यात पहिल्यांदा मला गोष्ट लहान करावीशी वाटत होती. 'खिसे भरून' म्हणायच्या जागी 'एखाददुसरी' म्हणावं असं जिभेवर आलं. मॅडमनी विचारलं, "धुतल्या होत्या?" मी म्हणालो, "सुटाला पुसून दिल्या."

दुपारी शालन आणि प्रज्ञा आल्या. दोघींचं रक्त घेतलं. गरोदर बायकांच्या बाकावर आम्हाला बसवलं. शेजारच्या बाईनं प्रज्ञाला विचारलं, "पहिलंच का गं? माहेरी आलीस? बरं केलंस बाई, बापाच्या घरी निवांत राहता येतं."

प्रज्ञानं माझ्याकडे बघितलं नाही. मी समोरच्या भिंतीवरचा आहाराचा तक्ता पाठ केला.

ब्लड लेडचा रिपोर्ट लगेच येत नाही, तो बाहेरच्या लॅबमधून येतो. ते दिवस कुणावर येऊ नयेत. पण आले तर एक करा. रिपोर्टची वाट न बघता घरातली धूळ ओल्या फडक्यानं पुसा. झाडू मारू नका, झाडूनं ती हवेत उडते. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. हे मला मॅडमनी सांगितलं. शालननं गादीचं कव्हर, पडदे, बैठकीवरची चादर, सगळं बांधून साइटवरच्या घातक कचऱ्यात पाठवलं. भिंतीवरच्या बुद्धांच्या तसबिरीमागून तिनं फडकं फिरवलं आणि ते माझ्यासमोर धरलं. राखाडी होतं. ती एक शब्द बोलली नाही. लग्न झाल्यापासून तिनं मला इतकं वाईट कधीच झापलेलं नाही.

रिपोर्ट आले. माझा तर वाईट होताच, मला ॲडमिट केलं. शालनचा थोडा वाढलेला. प्रज्ञाचा माझ्यापेक्षा पुष्कळ कमी, पण असायला नको तितका.

मॅडमनी आम्हाला समोर बसवून समजावलं. "शिसं शरीरात कॅल्शियमचा वेश घेऊन फिरतं. हाडांत जाऊन बसतं. गरोदरपणात आईच्या हाडांतलं कॅल्शियम बाळाकडे जातं, त्याच्यासोबत हेही जातं. वार, म्हणजे प्लासेंटा, त्याला अडवू शकत नाही."

"बाळाला काय होईल?" प्रज्ञानं विचारलं.

"आज मी काहीच होणार नाही असं म्हणणार नाही, आणि होईलच असंही नाही. वजन, वेळेआधी प्रसूती, पुढे शिकण्याची गती, या गोष्टींवर आपण लक्ष ठेवू. तुमच्या पातळीला शिसं काढायचं औषध गरोदरपणात देत नाहीत. कॅल्शियम, लोह, नीट जेवण. पण पहिलं औषध वेगळंच आहे. ते घर सोडायचं. पूर्ण साफ होऊन तपासणी होईपर्यंत तिथे पाय ठेवायचा नाही."

म्हणजे लेक सासरी परत. आठवा लागायच्या आत, भरल्या पोटानं, माहेरातून. आमच्याकडे असं फक्त माहेरात कुणी वारलं तरच होतं.

व्याह्यांना फोन मी केला. मला वाटत होतं, मी सरळ सांगेन. आणि तोंडातून काय निघालं? "जय भीम, व्याहीबुवा! अहो घराला रंग काढलाय. असा इंपोर्टेड रंग, की वास म्हणजे वास! प्रज्ञाला सोसेना, म्हटलं, चार दिवस तिकडेच..." पोटात कळ आली, तरी मी रंगाच्या छटा सांगत होतो.

संध्याकाळी व्याही आणि व्याहीण हॉस्पिटलात हजर. व्याही कुरुळीचे जुने, आधी शेती, मग कंपनीच्या बस चालवल्या. मला पलंगावर बघून म्हणाले, "व्हय हो, रंग घराला देताय आन् सलाईन तुमाला कसं?"

प्रज्ञा शेजारीच होती. "आप्पा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही सांगताय की मी सांगू?"

मी सांगितलं. कंपनी, धूळ, सूट, चिंचा. व्याही हसायला लागले. मनापासून, मांडीवर हात मारून. "काय व्याहीबुवा! मागल्या खेपंला भुयार, आता रगतात शिसं व्हय? पुढल्या खेपंला सोनं काडा, तेवढंच नातवाला कडं व्हईल!"

शेजारच्या पलंगावरचा पेशंटही हसला. वॉर्डभर हशा. मी आयुष्यभर ज्या हशासाठी जगलो तोच हा. त्या वेळी वाटलं, फरशी फाटावी.

"बाबा," प्रज्ञा सासऱ्यांना म्हणाली, "या वेळी खरंय. माझ्याही रक्तात आहे."

व्याही थांबले. चेहऱ्यावर हसू राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. व्याहीण मात्र आल्यापासून हसल्याच नव्हत्या. त्या माझ्या पलंगाजवळ आल्या.

"पोरगी माहेरी जपायला धाडत्यात, दिलीपराव. आमच्या घरात पाणी भराय लागतं, म्हून आमी म्हनलं, बापाच्या घरी सुख हाय."

मी उशाशी ठेवलेली रिपोर्टची फाईल त्यांच्यापुढे धरली. 

"ही गोष्ट न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी प्रज्ञाची पिशवी उचलली. "मग चल गं."

लेक गेली. नवऱ्याकडे, चांगल्या माणसांत गेली, तरी शालन दारापर्यंत गेली नाही. पाठमोरी बसून राहिली.

माझे उपचार सांगतो. त्याला चिलेशन म्हणतात. औषध रक्तातल्या शिशाला घट्ट धरतं आणि लघवीवाटे बाहेर नेतं. आधी सलाईनमधून, मग कॅप्सूल. त्या कॅप्सूलना सडक्या अंड्याचा वास येतो, आणि घेणाऱ्यालाही येतो. शेजारच्या पेशंटनं वॉर्ड बदलून मागितला. हे वाढवून सांगत नाही, नर्सला विचारा. किडनी ठीक आहे ना हे बघायला वरचेवर रक्त घेतात. औषध थांबलं की हाडांतलं शिसं हळूहळू रक्तात उतरतं आणि पातळी पुन्हा थोडी वर जाते. त्याला रिबाउंड म्हणतात. तसं झालं तर उपचार फसले असं समजू नका, मॅडमना मी तसं समजून बरंच छळलं. कळ गेली. हाताला कप धरताना कापरं यायचं, तेही कमी झालं. डॉक्टरांना पहिल्याच दिवशी आपलं खरं काम सांगा. लाज वाटली तर कागदावर लिहून द्या.

उठून फिरता येऊ लागल्यावर मी साइटवर गेलो. माती भरायला नाही, ते काम डॉक्टरांनी बंद केलं होतं. माझी माणसं तिथे होती. बरीच जण बीड-परभणीकडची, पत्र्याच्या खोल्यांत बायकापोरांसह राहणारी. त्यांतले किती जण माझ्या मागच्या गेटनं बाहेर पडायला शिकले होते, ते मलाच माहीत. सफाईच्या कंपनीनं सगळ्यांची रक्ततपासणी लावली होती, कुणी जात नव्हतं. रक्त दिलं की कामावरून काढतील ही भीती.

टपरीवर मी सगळं सांगितलं. संतोष चहा गाळता गाळता ऐकत होता. मी थांबलो. 

मग महादू, आमचा परभणीचा गडी, म्हणाला, "भाऊ, राग नका मानू, पण त्यो अजगर बेस होता बघा. ह्ये शिसं काय रंगलं न्हाई."

"अरे खरं आहे हे!"

"भुयार बी खरंच होतं की, राव."

मी ओठ खाली ओढून रेघ दाखवली. महादूनं वाकून बघितलं. "मिश्री लावता व्हय भाऊ?"

घरी येऊन मी रडलो. शालन म्हणाली, "तुमच्या खऱ्याला गिऱ्हाईक नाही. खोट्याला आहे ना? मग तेच विका." ती रागानं म्हणाली होती. मी मात्र विचारात पडलो.

दुसऱ्या दिवशी मागच्या गेटची किल्ली मी साइटच्या साहेबांच्या टेबलावर ठेवली. का ठेवतोय तेही सांगितलं. साहेबांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग मी अंघोळीच्या डब्याच्या पलीकडे, घरच्या कपड्यांच्या खोलीबाहेर, स्टूल टाकून बसलो. संतोषला म्हणालो, किटली इकडे आण. शिफ्ट सुटायच्या वेळी डब्याच्या अलीकडे जाऊन गोष्ट सुरू केली. फोरमनच्या सांगाड्याचं लग्न ठरतंय. मुलीकडचे बघायला आलेत. सांगाड्यानं टोपी घातलीय. मुलीचा बाप विचारतो, जावईबापू, जरा बारीक वाटता...

"मग?" महादू म्हणाला.

"मग पुढचं तिकडे. अंघोळ करून या."

शिव्या घातल्या सगळ्यांनी. पण आले. ओल्या डोक्यानं, घरचे कपडे घालून, चहा घेत बसले. रोज येत राहिले. रक्ततपासणीची गाडी आली त्या दिवशी मी सांगाड्याला ऐन मांडवात उभं करून गप्प बसलो, आधी सुई मग अक्षता. महादूचं रक्त वाढलेलं निघालं. त्याच्या बायकोचंही. त्याला कामावरून काढलं नाही, धुळीबाहेरच्या कामाला लावलं. त्यानंतर तो मला एवढंच म्हणाला, "भाऊ, तुमी त्या दिशी खरं सांगत व्हता की." त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

प्रज्ञाला चाकणच्या हॉस्पिटलात मुलगी झाली. थोडी वेळेआधी, वजनानं थोडी कमी. नाळेतलं रक्त तपासायला घेतलं होतं. शिसं निघालं, भीती होती त्यापेक्षा कमी. डॉक्टर म्हणाले, "दूध पाजायला हरकत नाही. बाळाचं रक्त पुन्हा बघू, आणि बसणं, चालणं, बोलणं वेळेवर होतंय का ते बघत राहू. वर्षानुवर्षं बघू." ज्यांना असा निकाल मिळेल त्यांना सांगतो, यात सुटका नाही आणि शिक्षाही नाही. तपासण्यांना जात राहायचं असतं, बस.

मी कुरुळीला गेलो ते उंबऱ्याबाहेरच थांबलो. हातपाय धुतले, पुन्हा धुतले. व्याहीण बाळाला घेऊन आल्या. मला वाटलं, दुरून दाखवतील. त्यांनी ती माझ्या हातात दिली. "धरा नीट," म्हणाल्या, "मान संबाळा." ज्यांनी मला हाकललं असतं तरी मी मान खाली घालून गेलो असतो, त्यांनी मला मान धरायला शिकवली. त्यांचे उपकार मी फेडणार कुठून?

व्याही खाटेवरून म्हणाले, "बोला की व्याहीबुवा! नात झाली, कायतरी जोरात सांगा."

माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. जन्मताच हिनं डोळा मारला, असं सुरू करणारच होतो.

"आप्पा," प्रज्ञा म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती माझ्याशी नीट बोलत होती. "ही मोठी झाल्यावर विचारेल, दर वर्षी माझं रक्त कशाला काढता. तेव्हा कोण सांगणार?"

मी नातीची मान पुन्हा नीट धरली.

"तुम्हीच सांगायचं," ती म्हणाली. "माझ्यासमोर. आणि घोणस घालायची नाही."

नात अजून लहान आहे, मान धरायला लागलीय. तिनं विचारायला वेळ आहे. तोवर मला सराव पाहिजे, म्हणून हे लिहून काढलं. लिहून झाल्यावर प्रज्ञाला वाचायला दिलं. तिनं दोन ठिकाणी खाडाखोड केली. मी लिहिलं होतं, चिंचा तिनं हट्टानं मागितल्या. तिनं 'हट्टानं' खोडलं. आणि मी लिहिलं होतं, नाळेत एवढंसं शिसं निघालं. तिनं 'एवढंसं' खोडलं.